कोरडं म्हटलं गेलेलं दशक

मराठी सिनेमाचं सर्वोत्तम दशक कोणतं, हा वाद आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्यात निघाला की पक्ष ठरलेले असतात. एक प्रभातचा. दुसरा, वयाने तरुण, 'फँड्री', 'कोर्ट' आणि 'सैराट'चा. मधल्या काळातून 'सामना' आणि 'सिंहासन' उचलून दोघंही आपापल्या पदरात पाडून घेतात. नव्वदच्या दशकाचा विषय काढला की मात्र दोन्हीकडून हात झटकले जातात. तेव्हा होतं काय, 'माहेरची साडी' आणि उरलेली विनोदी रांग, असं म्हणून चहा मागवला जातो. पुण्या-मुंबईचे आढावाकारही त्या वर्षांची बोळवण एका परिच्छेदात करतात आणि 'कोरडा काळ' असा शिक्का मारून मोकळे होतात.

मी तिसऱ्या पक्षाचा. 1994च्या 'मुक्ता'पासून 2004च्या 'श्वास'पर्यंतचा काळ हा मराठी सिनेमाचा सर्वांत कसदार काळ, असं मी आजवर बोलत आलो, आता सविस्तर लिहितो. ही अकरा वर्षं होतात असं कुणी म्हणेल, तर त्याने 'श्वास' खुशाल बाजूला ठेवावा. माझी बाजू तरीही पडत नाही.

प्रभातशी भांडण असण्याचं कारणच नाही. 'संत तुकाराम' 1936चा, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला. पागनीसांचा तुकाराम पाहताना आजही अभिनय चाललाय असं वाटत नाही. पुढच्याच वर्षी 'कुंकू'त शांता आपटेंनी जरठ नवऱ्याच्या संसाराला दिलेला नकार आपल्या पडद्यावर पुन्हा तितक्या ताठपणे यायला फार वर्षं गेली. पण प्रभातपाशी स्वतःचा स्टुडिओ होता, पगारी कलावंत होते, कसबी तंत्रज्ञ होते. पाठीशी अख्खी संस्था असताना झालेलं काम आणि पाठीशी कुणीही नसताना झालेलं काम मोजताना हा फरक धरायलाच हवा. माझ्या दशकातल्या लोकांपाशी यातलं काहीही नव्हतं.

पन्नास आणि साठच्या दशकांवर रेंगाळत नाही. 'श्यामची आई'चं सुवर्णपदक, राजा परांजपे, भालजी, अनंत माने यांच्यावर उदंड लिहून झालं आहे. 'सांगत्ये ऐका'ने 1959 साली तमाशापटाची वाट रुंद केली आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच वाटेवर गर्दी राहिली. सत्तरच्या दशकात रामदास फुटाण्यांनी निर्माण केलेला, तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' बर्लिनला गेला. 'जैत रे जैत' आला, 'सिंहासन' आला. त्या चित्रपटांपुढे मी आजही हात जोडतो. पण ती शिखरं होती. आजूबाजूला सपाटी फार. करमणूक कर परत मिळण्याची सोय झाल्यावर हिशेब जमवण्यापुरते सिनेमे निघू लागले आणि ऐंशीचं दशक बहुतांशी त्यातच गेलं. 'उंबरठा' आणि 'अशी ही बनवाबनवी' सोडले तर त्या दशकाबद्दल मला फारसं सांगायचं नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो, आणि सुरुवात आमच्या जिल्ह्यापासून करतो, कारण आढावाकार हे सोयीस्करपणे विसरतात. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर 'जैत रे जैत'मुळे सिनेमात आले हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या शब्दांनी खरी पेरणी केली ती नव्वदच्या दशकात. 'एक होता विदूषक', 'मुक्ता', 'दोघी' यांची गाणी त्यांची, आणि संगीत आनंद मोडकांचं. त्या गाण्यांत शेत देखाव्यापुरतं नसतं. ते राबणाऱ्या माणसाच्या अंगाला लागलेलं असतं. दुष्काळ म्हणजे काय, हे ज्याला पंचांगातून नव्हे तर आपल्या विहिरीतून कळलंय, त्यानेच ते शब्द लिहावेत. 2023च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत 'जैत रे जैत'च्या पुढचा सिनेमा एका ओळीत उरकलेला होता.

'मुक्ता' आला ते साल 1994. जानेवारीच्या चौदा तारखेला आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. सोळा-सतरा वर्षं या शहराने त्या नामांतराच्या प्रश्नावर मोर्चे, संचारबंद्या, जळलेली गावं आणि तुटलेली मैत्री पाहिली होती. त्याच वर्षी जब्बार पटेलांनी सवर्ण घरातली, परदेशातून आलेली मुलगी आणि दलित चळवळीतला कवी यांची गोष्ट पडद्यावर ठेवली. मुंबईच्या प्रेक्षकाला ती प्रेमकथा वाटली असेल. इथे अंधारात बसलेल्या माणसाला शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय याची जाणीव होती. खेळ संपल्यावर आम्ही रस्त्यात उभे राहून तावातावाने बोलत होतो, आणि त्या बोलण्यात सिनेमा कमी, आपण स्वतः जास्त होतो. राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार त्याला पुढे मिळाला. आमच्याकडे त्याचं काम आधीच झालेलं होतं.

आणि 'दोघी', 1995. इथे मला थांबावंच लागतं. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. त्यांचा पहिला लघुपट 'बाई' 1985चा. माणसांशी बोलता बोलता त्या कॅमेऱ्यापाशी पोचल्या आणि सुनील सुकथनकरांसह सिनेमा करू लागल्या. 1991च्या 'माहेरची साडी'ने बायकांना ढसाढसा रडवलं. त्या रडण्याला मी हलकं म्हणणार नाही, त्यांची दुःखं खरी होती. पण चारच वर्षांनी 'दोघी'ने त्याच दुःखाचा हिशेब मांडला. लग्नाच्या दिवशी नवरदेव वाटेतच अपघातात जातो, गौरी अपशकुनी ठरते, घर उपाशी पडतं, आणि तिला मुंबईला पाठवलं जातं. ती कशी कमावते हे न विचारता घर त्या पैशावर जगतं. पुढे धाकट्या कृष्णाच्या लग्नाला ती परत येते, तेव्हा तिला दूर लोटते ती आई. उत्तरा बावकरांनी त्या आईला खलनायिका होऊ दिलं नाही. प्रश्न कुणाच्या दुष्टपणाचा नाही, घराच्या अन्नाचा आणि अब्रूचा आहे, हे ती बाई नुसत्या वळलेल्या मानेने सांगते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांच्या गौरी-कृष्णा आमच्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर भेटतील अशा होत्या.

भावे-सुकथनकर जोडीने पुढे 2002मध्ये 'दहावी फ' आणि 'वास्तुपुरुष' एकाच वर्षी दिले. कूळकायद्याने जमीन गेलेल्या वाड्यातल्या माणसांबद्दल रागही न धरता आणि उमाळाही न काढता बोलणं किती अवघड आहे, हे 'वास्तुपुरुष' पुन्हा पाहिला की कळतं. 'देवराई' आला 2004मध्ये. मधल्या वर्षांत अमोल पालेकरांनी माडगूळकरांची 'बनगरवाडी' पडद्यावर आणली. आमच्याच शहरात 'जिगीषा' नाट्यसंस्थेतून घडलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी 1999 साली 'बिनधास्त' केला. जवळजवळ सगळ्या भूमिका बायकांच्या, आणि तरीही तो रहस्यपट. प्रियदर्शन यांनी तो तमिळमध्ये नेला. मराठीवरून दुसऱ्या भाषेत सिनेमा जाणं तेव्हा रोजची गोष्ट नव्हती. शेवटी 'श्वास'ने 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सुवर्णकमळ आणलं, तेव्हा सगळे म्हणाले की मराठी सिनेमा अचानक जागा झाला. तो झोपलाच कधी होता?

माझ्यावरचा ठरलेला आक्षेप असा, की हे सिनेमे कुणी पाहिलेच नाहीत. पाहिले. अंजली किंवा सादिया थिएटरात नाही, तर फिल्म सोसायटीच्या पडद्यावर पाहिले. महाविद्यालयाच्या सभागृहात, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर, रीळ बदलेपर्यंत दिवे लावून पाहिले. आणि आज ज्या नव्या सिनेमाचा सगळ्यांना अभिमान आहे, तो याच जमिनीतून वर आला. 'दोघी' नसता तर 'जोगवा'ला वाट सापडायला जास्त वेळ लागला असता. भाव्यांच्याच 'कासव'ला 2017मध्ये सुवर्णकमळ मिळालं. ज्यांनी नव्वदीतलं त्यांचं काम पाहिलं होतं, त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

आता सोसायट्या उरल्या नाहीत. सिनेमाची किंमत पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरते आणि मराठी चित्रपटाला मॉलमधल्या पडद्यावर दुपारचा आडवेळचा एखादा खेळ मिळतो. वाद घालणारी तरुण मुलं हुशार आहेत, जगभरचा सिनेमा त्यांना तोंडपाठ आहे, पण 'वास्तुपुरुष' त्यांनी मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही. आमच्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे देशोदेशीचं उत्तम काम येतं आणि मी हौसेने जातो. त्याच्या संयोजकांना माझी विनंती आहे, की येत्या वर्षी 'मुक्ता' ते 'श्वास' असा एक विभाग ठेवावा, 'दोघी' त्यात पहिल्या दिवशी दाखवावा आणि पळसखेड्याच्या लोकांना त्या खेळाला मुद्दाम बोलवावं.