उपसा योजनेचे काम : चारी बुजण्याआधी मोजा



नदीवरून पाणी उचलायचे म्हणून गावोगावचे सभासद एकत्र येऊन उपसा जलसिंचन योजना करतात. जॅकवेल, पंपघर, पाइपलाइन असा मोठा खर्च असतो. कर्जाचा बोजा आपल्याच सात-बारावर चढतो आणि हप्ता ऊसबिलातून कापला जातो. म्हणून ठेकेदाराचे काम कसे पाहावे, हे आम्ही ऊसविकास विभागातर्फे येथे सांगत आहोत.

सर्वांत कमी दराचे टेंडर म्हणजे सर्वांत स्वस्त काम नव्हे. दर टेंडरात ठरतो, पण पैसा जातो तो मापात. मुरमाच्या खोदाईचा दर वेगळा आणि पाषाण फोडण्याचा वेगळा, तो कितीतरी चढा. एकदा चारी बुजली की खाली मुरूम होता की पाषाण, हे कोण सांगणार?

हिशेब करून पाहू. चारी १ किलोमीटर लांब, १ मीटर रुंद, १.५ मीटर खोल. म्हणजे खोदाई १,५०० घनमीटर. खोली प्रत्यक्षात १.२ मीटरच असेल तर खोदाई १,२०० घनमीटर भरते. ३०० घनमीटरचे पैसे फुकट गेले, वर पाइप उथळ राहिला तो वेगळाच.

तेव्हा चार गोष्टी सांभाळा. चारी उघडी असतानाच इंजिनिअर, ठेकेदार आणि संचालक यांनी मिळून माप घ्यावे व मापवहीत तिघांच्या सह्या कराव्यात. सांधे उघडे असताना पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी, मगच माती ओढावी. जादा काम निघाले तर आधी लेखी मंजुरी, मग काम. प्रत्येक चालू बिलातून अनामत कापावी व दुरुस्तीची मुदत संपल्यावरच ती परत द्यावी.

मुदतीकडेही लक्ष हवे. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण हुकली तर ऊस नाही, व्याज मात्र चालूच. लांबलेल्या कामाचे काय होते ते वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पात दिसले. १९८३ साली त्याचे अंदाजपत्रक ३७२ कोटी रुपयांचे होते; २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, तोवर ते ७,७७७ कोटींवर गेले होते. भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन अशी कारणे अनेक. पण वर्षे वाढली की खर्च वाढतोच.

आपली योजना लहान असली तरी पैसा आपल्या घामाचा आहे. तेव्हा बिलावर सही करण्याआधी चारीवर जा, टेप लावा आणि मगच पैसे द्या.

— ऊसविकास अधिकारी