सराफाच्या फळ्यावरचा भाव कोण लिहितं?

हातातलं काम उरकलं असेल तर बसून ऐका, नसेल तर भाकरी थापता थापता ऐका. आजचा विषय आपल्या दागिन्यांचा आहे, पण बोलता बोलता अमेरिका, चीन आणि रशियाही त्यात येणार आहेत.

झालं असं, की एका गटाच्या मासिक बैठकीत एक मावशी पदराच्या गाठीला बोरमाळ बांधून आल्या. म्हणाल्या, "ताई, विहिरीवरची मोटार जळाली. पंचवीस हजार पाहिजेत. तीन वर्षांपूर्वी हीच माळ ठेवली तेव्हा लाख रुपये मिळाले होते. आता फायनान्सवाला म्हणतो, दोन लाख देतो. मग दोन लाखच उचलू का? पोराला गाडी पण होईल."

शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "पण भाव एवढा वाढला कशानं? टीव्हीवर म्हणतात, अमेरिका आणि चीनचं भांडण लागलंय. भांडतात ते, आणि महाग होतं आमचं डोरलं?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता. आज मी आधी वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग मावशींकडे वळते. कारण पहिलं कळलं की दुसरं आपोआप कळतं.

आपल्या देशात सोनं निघतं फार थोडं. कर्नाटकातली कोलारची प्रसिद्ध खाण २००१ साली बंद झाली. आपण दरवर्षी साधारण सातशे-आठशे टन सोनं बाहेरच्या देशांतून आणतो. म्हणजे सोनं बाहेरचं आणि भावही बाहेरचा. जगात सोन्याचा भाव डॉलरमध्ये आणि औंसावर सांगतात. हा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. आपला सराफ आता तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो. तर एकदा आपणच हिशेब करून बघू.

समजा, औंसाचा भाव ३,००० डॉलर आहे आणि एक डॉलर ८५ रुपयांना आहे. तर दहा ग्रॅम चोख सोनं पडतं सुमारे ८२,००० रुपयांना. त्यावर ६ टक्के आयात कर धरला की झाले ८७,००० च्या आसपास. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे साडेएकोणनव्वद हजार. घडणावळ वेगळी.

आता जगातला भाव तोच ठेवा, फक्त डॉलर ८५ चा ८८ रुपये करा. तोच तोळा साडेब्याण्णव हजारांच्या वर जातो. सोनं महाग झालं नाही, आपला रुपया हलका झाला. आणि उलटंही होतं. २०२४ च्या जुलैत सरकारनं आयात कर १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला, तेव्हा एका दिवसात तोळ्यामागे हजारो रुपये उतरले. म्हणजे सराफाच्या फळ्यावरचा आकडा तिघं मिळून लिहितात: जगाचा भाव, रुपयाची किंमत आणि सरकारचा कर. यातला जगाचा भाव कशानं हलतो, ते आता बघू.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. १९४४ साली दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. अमेरिकेत ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. त्यात आपल्या रायगडच्या महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुखही होते. ते तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या बैठकीतून जी व्यवस्था आली ती अशी: सगळ्या देशांनी आपलं चलन डॉलरला बांधायचं, आणि अमेरिकेनं डॉलर सोन्याला बांधायचा. भाव ठरला औंसाला ३५ डॉलर. कुठल्याही देशाच्या मध्यवर्ती बँकेनं अमेरिकेला डॉलर दिले, की अमेरिका त्या भावानं सोनं मोजून देणार. म्हणजे डॉलर ही सोन्याची चिठ्ठीच होती.

पुढे अमेरिकेचा खर्च वाढला. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. तिजोरीत सोनं जेवढं होतं, त्याहून कितीतरी जास्त चिठ्ठ्या जगात फिरायला लागल्या. फ्रान्सच्या ते लक्षात आलं. १९६५ साली त्यांचे अध्यक्ष शार्ल द गोल यांनी डॉलरवरच्या या भरवशाबद्दल उघड शंका घेतली, आणि फ्रान्सनं डॉलर देऊन सोनं घरी आणायचा सपाटा लावला. इतरांनीही चिठ्ठ्या पुढे केल्या. अमेरिकेचं सोनं निम्म्याहून कमी झालं. शेवटी १५ ऑगस्ट १९७१ ला अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं, की यापुढे डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही.

त्या दिवसापासून सोन्याच्या भावाचं दावं सुटलं. तेलाचे भाव भडकले, महागाई वाढली, इराणमध्ये उलथापालथ झाली. १९७९ च्या डिसेंबरात रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचं, सैन्य अफगाणिस्तानात शिरलं. महिन्याभरात, जानेवारी १९८० मध्ये, सोनं ८५० डॉलरला गेलं. नऊ वर्षांत ३५ चे ८५०!

इथे थांबा आणि पुढचं नीट ऐका, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्यानंतर भाव उतरला. १९९९ मध्ये तो अडीचशे डॉलरच्या आसपास आला होता. १९८० साली ज्यानं ८५० डॉलरला सोनं घेतलं, त्याला तो भाव पुन्हा दिसायला २००८ साल उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! मग आपल्या आई-आजीला हे का जाणवलं नाही? कारण त्याच काळात डॉलर आठ रुपयांवरून पंचेचाळीसच्या आसपास गेला. जगात सोनं स्वस्त होत होतं, पण आपला रुपया त्याहून वेगानं हलका होत होता. म्हणून आपल्याकडे म्हणायची सवय लागली, "सोनं कधी उतरत नाही." उतरतं, बायांनो. २०११ साली १,९०० डॉलरला पोचलेलं सोनं २०१५ च्या शेवटी १,०५० पर्यंत खाली आलं होतं.

आता अलीकडचं. हे समजायला आपली गटाची पेटी डोळ्यांसमोर आणा. समजा, तुमची सगळी बचत पेटीत आहे आणि चावी दुसरीकडे आहे. तुमचं नि चावीवालीचं वाजलं. ती म्हणाली, "पैसे तुझेच आहेत, पण पेटी उघडणार नाही." तुम्ही काय कराल?

रशियाचं असंच झालं. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची बरीच गंगाजळी डॉलर-युरोमध्ये, परदेशी ठेवलेली होती. अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रदेशांनी त्यातले सुमारे ३०,००० कोटी डॉलर गोठवून टाकले. रशियाकडे सोनंही होतं, पण ते त्याच्या स्वतःच्या तिजोरीत होतं. त्याला कोणाला हात लावता आला नाही.

हे सगळ्या जगानं पाहिलं. युद्धात कोणाची बाजू खरी, हा वेगळा विषय. पण ज्या ज्या देशाला वाटलं की उद्या आपलं मोठ्या सत्तेशी बिनसलं तर काय, त्यानं डॉलरसोबत सोनं वाढवायला सुरुवात केली. चीन, पोलंड, तुर्की, भारत सगळे त्यात आहेत. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ मध्ये १०० टन सोनं इंग्लंडमधून मायदेशी आणलं. मार्च २०२५ ला तिच्याकडे जवळजवळ ८८० टन सोनं होतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त देशातच होतं.

मग आलं २०२५ चं आयात कराचं भांडण. एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या देशांच्या मालावर कर लावले. चीनच्या मालावरचा कर वाढत वाढत १४५ टक्क्यांवर गेला. चीननंही उलट १२५ टक्के लावला. व्यापार थांबेल, डॉलर घसरेल, या भीतीनं लोक सोन्याकडे धावले. २२ एप्रिलला औंसाचा भाव ३,५०० डॉलरला टेकला आणि आपल्याकडे तोळा पहिल्यांदा लाखाच्या घरात गेला. पुढे १२ मे रोजी दोन्ही देशांनी ९० दिवसांपुरतं कर कमी करायचं ठरवलं, आणि त्या एका दिवसात सोनं अडीच-तीन टक्के खाली आलं. ऑक्टोबरपर्यंत पुन्हा वाढून ते ४,००० डॉलर पार गेलं.

वहिनी, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मोठ्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला की सोनं चढतं, समेट झाला की उतरतं. दोन्ही गोष्टी आपल्याला विचारून होत नाहीत.

चांदीचं थोडक्यात सांगते. जगात निघणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून जास्त चांदी कारखान्यांत जाते: सोलरच्या पत्र्यांत, विजेच्या उपकरणांत. म्हणून भीतीनं ती वाढते, आणि कारखान्यांची मागणी घटली की आपटतेही. तिचे हेलकावे सोन्याहून मोठे असतात. पैंजण-जोडव्यांसाठी घ्या, पण वायद्याच्या नादी लागू नका.

आता मावशींकडे वळू. गहाण ठेवण्यात लाज काहीच नाही. १९९१ साली आखाती युद्धानं तेल महागलं, देशाकडे परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांपुरतं उरलं. तेव्हा भारत सरकारनंही सोनं काढलं. सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवून साधारण ४० कोटी डॉलर उभे केले. पण लक्षात घ्या, देशानं ते अडल्यावर केलं. भाव चढलाय म्हणून नाही.

मावशींची माळ तीच आहे. तिच्यात एक गुंजही सोनं वाढलेलं नाही. वाढलंय ते मिळणारं कर्ज. भाव दुप्पट झाला, पण म्हशीचं दूध दुप्पट झालं नाही. व्याज मात्र दुप्पट भरावं लागेल.

आणि भाव उतरला तर? समजा, लाखाच्या दागिन्यावर ८०,००० घेतले. वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे ९,६००. हप्ते थकले, तर देणं झालं ८९,६००. तेवढ्यात दोन मोठ्या देशांचा समेट झाला आणि भाव १५ टक्के उतरला. दागिना झाला ८५,००० चा. आता दागिन्यापेक्षा देणं मोठं. सावकार किंवा कंपनी म्हणणार, आणखी पैसे भरा, नाहीतर लिलाव. भांडण तिकडचं मिटलं, आणि माळ इकडची गेली.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली सोनेतारणाचे नवे नियम काढले. त्यातले तीन पाठ करून ठेवा. एक, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्यातल्या सोन्याच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८५ टक्के मिळतात. खडे आणि घडणावळ धरत नाहीत. दोन, किंमत धरताना मागच्या तीस दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा भाव, यातला जो कमी तो घेतात. तीन, कर्ज पूर्ण फिटल्यावर दागिना त्याच दिवशी, किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हे नियम बँका आणि नोंदणी असलेल्या फायनान्स कंपन्यांना आहेत. गावच्या सावकाराकडे ठेवलंत, तर यातलं काही मागता येत नाही. आणि कुठेही ठेवा, वजन आणि कॅरेट लिहिलेला कागद हातात आल्याशिवाय दागिना सोडू नका.

घेणाऱ्यांसाठीही एक सांगते. मुलीच्या लग्नासाठी सोनं घ्यायचंच असेल तर थोडं थोडं, जमेल तसं, बचतीतून घ्या. हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी बघून, पक्क्या बिलावर घ्या. "आणखी वाढेल" म्हणून कर्ज काढून घेऊ नका. आणखी वाढेल की नाही, हे सराफालाही ठाऊक नसतं.

त्या दिवशी बैठकीत आम्ही फळ्यावर दोनच रकाने मांडले: गरज किती आणि महिन्याला फेड किती झेपेल. गरज निघाली पंचवीस हजारांची. दूध आणि शिवणकाम धरून मावशींना झेपत होते महिन्याला अडीच हजार. गटानं तेवढं अंतर्गत कर्ज तिथेच मंजूर केलं. मोटार बसली. गाडीचं पोरानं स्वतःच्या कमाईवर बघायचं ठरलं. तो दोन दिवस रुसला होता म्हणे. बोरमाळ परत पदराच्या गाठीत गेली.

पुढच्या बैठकीला तुम्हीही एक करा. त्या दिवशीचा सोन्याचा डॉलरमधला भाव आणि डॉलरचा रुपयातला भाव मोबाइलवर बघा, मघाशी केला तसा हिशेब मांडा आणि तुमच्या सराफाच्या फळ्याशी ताडून पाहा. थोडं इकडेतिकडे होईल, पण फार फरक आला तर विचारा, का म्हणून. विचारणाऱ्या बाईला सहसा कोणी फसवत नाही.