थोड्या अश्वशक्तीची मोटार

वेगाची आवड ही तारुण्याची सहज वृत्ति आहे. तिला नांवें ठेवून ती जात नाहीं. ज्यांचे पूर्वज बैलगाडीच्या शर्यती पाहावयास कोस-दोन कोस पायीं जात, त्यांच्या नातवंडांस मोटारीचें वेड लागावें यांत नवल तें काय? प्रश्न एवढाच, कीं या वेडास वळण कोणतें लावावें आणि कोणत्या जागीं लावावें. घरोघरचे वडीलधारे या बाबतींत दोनच उत्तरें देतात: एक "नको" आणि दुसरें "जपून चालव". पहिलें मुलें ऐकत नाहींत, आणि दुसऱ्याचा अर्थ त्यांस कोणी समजावून सांगत नाहीं. या लेखांत आम्ही तिसरें उत्तर सुचविणार आहों: वेगाचा अभ्यास बंद ट्रॅकवर करावा, आणि तो थोड्या अश्वशक्तीच्या मोटारीनें करावा. यांतील दुसरें कलम प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु आमच्या मतें सगळें रहस्य त्यांतच आहे.

पालघर, बोईसर, तारापूर या टापूंत हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं तारापुरास सुरू झालें. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांची दाटी झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पगारदार कुटुंबें वाढलीं, तशा दारांत मोटारी आल्या. आणि मोटार दारांत आली कीं तिचें तोंड आपोआप पूर्वेकडे वळतें. कारण मनोरला किंवा चिल्हार फाट्याला पोहोंचलें कीं मुंबई-अहमदाबाद महामार्ग समोर पसरलेला असतो. तरुणांच्या मनांत तोच त्यांचा ट्रॅक होऊन बसतो. याच महामार्गावर, चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मोटार-अपघातांत मरण पावले. दोघेही मागच्या आसनावर होते, आणि त्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार उत्तम प्रतीची होती. परंतु मोटारीची किंमत रस्त्याला ठाऊक नसते. महामार्गावर मालवाहू ट्रक आहेत, उलट्या बाजूनें येणाऱ्या दुचाकी आहेत, रस्ता ओलांडणारीं माणसें आणि गुरें आहेत. तेथें वेगाचा प्रयोग करणें म्हणजे भरल्या स्वयंपाकघरांत तलवारीचे हात करणें होय.

मग ट्रॅक म्हणजे काय, आणि ज्यास "ट्रॅक डे" म्हणतात तो काय प्रकार आहे? ही शर्यत नव्हे. शर्यतीसाठीं बांधलेला बंद रस्ता एका दिवसापुरता सामान्य मोटारमालकांस शुल्क घेऊन मोकळा करण्यांत येतो. तेथें समोरून कोणी येत नाहीं. वळणांच्या बाहेर मोकळी जागा ठेवलेली असते. निशाणें घेतलेलीं माणसें जागोजागीं उभीं असतात. वैद्यकीय मदत हाताशीं असते. सकाळीं सर्वांस नियम समजावून देतात, मोटारी तपासतात, आणि चालकांच्या अनुभवाप्रमाणें त्यांचे गट पाडतात. क्रमांक नाहीं, बक्षीस नाहीं. आपल्या देशांत असे मोठे ट्रॅक मोजकेच आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील, कोइंबतूरनजीकचा २००३ सालीं सुरू झालेला कारी मोटर स्पीडवे, आणि ज्यावर २०११ सालीं भारतांतील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तो ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. पालघरहून हे तिन्ही हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. आपल्या महाराष्ट्रांत कोल्हापुरास मोहिते अकादमीच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत. आणि कार्ट ही तर थोड्या शक्तीच्या गाडीची परमावधीच.

आतां कल्पना करा, कीं अशा ट्रॅकवर एक हलकी, दोन आसनांची, साठ-सत्तर अश्वशक्तीची मोटार उतरली आहे. अशी मोटार आपल्या लोकांस अगदींच अपरिचित नाहीं. १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नांवाची एक उघडी स्पोर्ट्‌स कार गोव्यांत तयार झाली होती. तिची काया फायबरग्लासची, इंजिन रेनो कंपनीचें १,१४९ घनसेंटिमीटरचें, आणि शक्ति सुमारें साठ अश्वांची. ती फारशी खपली नाहीं व आज ती निघतही नाहीं. पण तिची जात ध्यानांत यावी म्हणून तिचें नांव घेतलें. अशा मोटारीच्या मागेंपुढें तीनशें, पांचशें, सहाशें अश्वशक्तीच्या मोटारी धावत आहेत. सरळ रस्ता आला कीं त्या भर्रकन् निघून जातात. आरशांत ठिपक्याएवढी दिसणारी मोटार डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच शेजारीं येऊन पुढें जाते. पाहणाऱ्यास वाटतें, या बिचाऱ्याचें येथें काय काम? परंतु पुढचें वळण आलें कीं चमत्कार दिसतो. तीच बलाढ्य मोटार पुन्हा जवळ येऊं लागते, आणि वळणाच्या मध्यावर लहान मोटार तिच्या पाठीशीं जाऊन ठेपते.

या चमत्काराची उपपत्ति शाळेंतल्या पदार्थविज्ञानांत आहे. वळण घेतांना मोटारीस रस्त्यावर धरून ठेवते ती टायरची पकड. इंजिनाची शक्ति नव्हे. पन्नास मीटर त्रिज्येचें वळण घ्या, आणि सुक्या डांबरावर टायरची पकड मोटारीच्या वजनाच्या सुमारें नऊ-दशांश धरा. तर त्या वळणावर जास्तींत जास्त वेग ताशी सुमारें पंचाहत्तर किलोमीटर निघतो. या हिशेबांत अश्वशक्ति कोठेंच येत नाहीं. टायर सारखे असतील तर साठ अश्वांची मोटार आणि सहाशें अश्वांची मोटार या दोघींस वळणाचा कायदा एकच. सरळ रस्त्यावरही शक्तीचा महिमा वाटतो तितका नाहीं. हवेचा विरोध वेगाबरोबर इतका वाढतो, कीं वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट लागते. म्हणजे इतर गोष्टी सारख्या असतां दसपट शक्तीच्या मोटारीचा परमवेग फार तर दुपटीहून थोडा अधिक. थांबण्याची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. ताशी साठच्या वेगावरून वरील पकडींत मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारें सोळा मीटरांत थांबते. ताशी एकशें वीसवरून तिला त्रेसष्ट मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यांत चालकाच्या मनास सावध होण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यांत आणखी तेहतीस मीटर गेलेले असतात. हे आंकडे महामार्गावरही तेच राहतात. किंबहुना तेथें ओला रस्ता आणि झिजलेले टायर त्यांस आणखी वाढवितात.

आतां दुबळ्या मोटारीचें शिक्षण कसें होतें तें पहा. बलवान मोटारींत वळणावर चूक झाली, ब्रेक जास्त लागला, वेग उगाच गेला, तरी पायाखालचें पॅडल दाबलें कीं इंजिन ती चूक पोटांत घालतें. चालकास आपण चुकलों याचा पत्ताही लागत नाहीं. थोड्या शक्तीच्या मोटारींत हें लाड नाहींत. वळणावर गमावलेले दहा किलोमीटर परत मिळवावयास अख्खा सरळ रस्ता खर्चीं पडतो. पुंजी थोडी असलेल्या गृहिणीस जसा पैशाचा हिशेब आपोआप येतो, तसा या चालकास वेगाचा हिशेब येतो. ब्रेक सरळ चाकांवरच लावावा. वळणांत बाहेरच्या कडेनें शिरून आंतल्या कडेस स्पर्श करावा व पुन्हा बाहेर यावें, म्हणजे वळणाची त्रिज्या वाढते. हातांनीं झटके देऊं नयेत. दृष्टि बोनेटवर न ठेवतां पुढें जावयाचें तेथें ठेवावी. हीं सूत्रें पुस्तकांत सर्वांनाच वाचावयास मिळतात, परंतु लहान मोटार तीं अंगीं मुरवून घेते. आणि चूक झालीच तर ती कमी वेगानें होते, ही गोष्ट घरच्या माणसांनीं विसरूं नये.

शिक्षणाचा दुसरा भाग याहून मोलाचा आहे, आणि तो वागणुकीचा आहे. ट्रॅक डेच्या दिवशीं ओलांडून जाणें बहुधा सरळ रस्त्यावरच मान्य असतें, आणि तेंही पुढच्या चालकानें हातानें किंवा दिव्यानें खूण करून वाट दिल्यावर. मागून जलद मोटार येत असली कीं निळें निशाण दाखवितात. पिवळें निशाण म्हणजे पुढें धोका, कोणी कोणास ओलांडूं नये. तांबडें म्हणजे फेरी बंद, सर्वांनीं सावकाश परत यावें. मंद मोटारीच्या चालकास दिवसभर आरशांत पाहावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं स्वखुशीनें बाजू द्यावी लागते. आमच्या भागांतील वाचकांस हें समजावयास कठीण पडूं नये. विरार ते डहाणू रोड या मार्गावर २०१३ पासून लोकल धावूं लागली. पण रूळ मेल-एक्सप्रेसचे आणि तिचे एकच. मागून राजधानी येत असली म्हणजे लोकल स्टेशनांत बाजूला उभी राहते, राजधानी धडधडत जाते, आणि मग लोकल आपल्या वाटेनें निघते. लोकलचा त्यांत कमीपणा झाला असें कोणी म्हणत नाहीं. तिनें वाट अडवून धरली असती तर दोघींचाही खोळंबा झाला असता.

मात्र ट्रॅकवर या शिष्टाचाराची दुसरी बाजूही आहे. सरळ रस्त्यावर पुढें गेलेला धनवान चालक पुढच्या वळणावर भीत-भीत चालूं लागला, तर मागच्या लहान मोटारीची लय बिघडते, आणि वळणावर ओलांडावयाची तर मनाई. येथें चालकाच्या स्वभावाची कसोटी लागते. त्याच्या पाठीस चिकटून त्यास घाबरविणें हा गुन्हा. चडफडत बसणें हा मूर्खपणा. जाणता चालक एक फेरी सावकाश घालतो, ब्रेक आणि टायर थंड होऊं देतो, मध्यें अंतर पडूं देतो, आणि मोकळा रस्ता मिळाला कीं पुन्हा आपलें काम सुरू करतो. ज्या घरांत कमी-अधिक मिळकतीचे भाऊ एका चुलीवर जेवतात, त्या घरांत वाढलेल्या मुलास ही विद्या नवी नाहीं. दुसऱ्याच्या बळाचा मत्सर करावयाचा नाहीं, आणि आपल्या तोकडेपणाची लाजही बाळगावयाची नाहीं.

लहान शक्तीनें मोठें काम झाल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ आहेत. १९६४ सालच्या मॉन्टे कार्लो रॅलींत पॅडी हॉपकर्क यांनीं १,०७१ घनसेंटिमीटरची मिनी कूपर एस चालवून पहिला क्रमांक मिळविला. तिच्या प्रतिस्पर्ध्यांत आठ सिलिंडरांच्या अमेरिकन फोर्ड मोटारी होत्या. आपल्या देशांत कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनीं मारुति ८०० चें ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन बसवून फॉर्म्युला मारुति नांवाची एका आसनाची स्वस्त शर्यतगाडी उभी केली. नारायण कार्तिकेयन यांची शर्यतींतील सुरुवात याच गाडीनें झाली, आणि २००५ सालीं ते फॉर्म्युला वनमध्यें उतरणारे पहिले भारतीय ठरले. पुढें जे सर्वांत जलद मोटारींत बसले, त्यांनीं मुळाक्षरें तीन सिलिंडरांच्या इंजिनावर गिरविलीं होतीं. कारी स्पीडवेस नांव आहे तें याच करिवर्धन यांचें.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. मोटारीच्या नेहमींच्या विमापत्रांत शर्यत आणि वेगाच्या चांचण्या यांस बहुधा संरक्षण नसतें. तें आधीं नीट वाचावें. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात, कीं जुनें ब्रेक-ऑइल उकळून पॅडल पोकळ लागूं लागतें. म्हणून तें नवें घालून जावें, आणि ब्रेकचे पॅड व टायर तपासून घ्यावे. हेल्मेट चांगल्या प्रतीचें असावें. मोटारींतील सुट्या वस्तु, पाण्याच्या बाटल्या, देव्हाऱ्यांतली मूर्तिसुद्धां, काढून घरीं ठेवाव्या. पहिल्या दिवशीं शिक्षक शेजारीं बसवावा. आणि परत येतांना ट्रॅकवरचा वेग ट्रॅकवरच ठेवून यावें. सर्वांत कठीण धडा हाच आहे.

घरांतील मुलगा असो वा मुलगी, वेगाची ओढ दिसली तर वडिलांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत, आणि कौतुकाच्या भरांत एकदम बलाढ्य मोटारही हातीं देऊं नये. नुसती बंदी केली तर ती ओढ रात्रीं महामार्गावर जाते, आणि तेथें तिच्यापायीं एखाद्या परक्या घरचा कर्ता माणूसही जायबंदी होऊं शकतो. त्यापेक्षां वर्षांतून एकदां प्रवासाचा खर्च सोसून मुलास ट्रॅकवर न्यावें, बरोबर स्वतः जावें, आणि त्याची लहानशी मोटार दहा मोठ्या मोटारींस वाट देतांना पाहावी. जो तरुण तेथें न चिडतां बाजू द्यावयास आणि वळणापूर्वीं वेग आंवरावयास शिकला, त्याच्या हातीं घरची मोटार देऊन मागच्या आसनावर नातवंडांस पट्टे बांधून बसवावयास आजीआजोबांस भिण्याचें कारण उरत नाहीं.