वरची दाढ, डोळा आणि मधली पोकळी

वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, हा धाक शिरूर-दौंडकडेही अनेकांच्या मनात घर करून आहे. दाढ काढल्याने नजर जात नाही. दातांच्या नसा वेगळ्या, नजरेची नस वेगळी. पण दाढ आणि डोळा यांच्यामध्ये वरच्या जबड्याच्या हाडात हवेची एक पोकळी असते: मॅक्सिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला भिडलेली असतात, मधलं हाड कित्येकदा कागदासारखं पातळ. तिचं छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीचा तळ. त्यामुळे तिथे कॅन्सरची गाठ वाढली, तर खाली दाढ हलते आणि वर डोळा पुढे येऊ शकतो.

मग घरात बोललं जातं, ‘दाढ उपटली म्हणून कॅन्सर झाला.’ खरं तर दाढ हलू लागली ती गाठीमुळे. काढलेल्या जागेचा खड्डा आठवडे उलटले तरी भरत नाही, त्यातून मांस वर येतं, तेव्हा आधीचाच आजार उघडा पडलेला असतो.

गोळ्यांनी उतार पडला, म्हणजे दातातला पूच होता, हा समजही घातक. गाठीने तोंड बुजलेल्या सायनसमध्ये पू साठतो. अँटिबायोटिकने तो ओसरतो, सूज उतरते, गाठ जागेवरच राहते.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणंही चुकीचं. तोंड धुताना एका गालाला पाण्याचा गारवा कळेनासा झाला, एकच नाकपुडी चोंदलेली राहून रक्तमिश्रित शेंबूड येऊ लागला किंवा नीट बसणारी कवळी अचानक बसेना, तर थांबू नये. ठणक्यावर मशेरी तर नकोच. तो भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखू स्वतः कॅन्सरचं कारण आहे. लाकडाचा भुसाही नाक-सायनसच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, हे सुतारकाम करणाऱ्यांना सांगायला हवं.

२०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला हीच पोकळी दाखवली. तो बुरशीचा आजार, कॅन्सर नव्हे. पण तेव्हाही मधुमेहाचे कितीतरी रुग्ण वरचे दात हलतात म्हणूनच दाखवायला आले.

हा कॅन्सर दुर्मीळ आहे. बहुतेक दाढदुखी किडीचीच असते. मात्र रूट कॅनाल करून किंवा दाढ काढून दोन-तीन आठवड्यांत आराम नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून सीटी स्कॅनबद्दल विचारावं. दाताच्या छोट्या एक्स-रेत अख्खी पोकळी दिसत नाही. सीटी स्कॅनसाठी पुण्याला ससून रुग्णालयापर्यंत जावं लागलं, तरी ती खेप टाळू नये. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या भीतीने बायोप्सी तर मुळीच टाळू नये. तिच्याशिवाय पक्कं निदान होत नाही. पात्र कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांसाठी मदत मिळते. वरचा जबडा काढावा लागलाच, तर टाळूच्या जागी कवळीसारखा कृत्रिम भाग बसवतात. त्याने अन्न नाकात चढत नाही आणि बोलणंही समजण्याजोगं होतं.