स्पॅनिश क्रियारूपे व इंग्रजी भाषकांचे अध्ययन

पुरुष, वचन, काळ आणि अर्थ यांना अनुसरून धातूला प्रत्यय लागून क्रियापदाची जी रूपे सिद्ध होतात, त्यांना क्रियारूपे म्हणतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यास स्पॅनिश शिकताना सर्वाधिक परिश्रम या रूपांसाठी करावे लागतात. एरवी लिपी व शब्दसंग्रह या दोन्ही दृष्टींनी ही भाषा त्याला जवळची आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट या प्रशिक्षणसंस्थेने इंग्रजी भाषकांना तुलनेने लवकर साध्य होणाऱ्या भाषांच्या गटात तिचा समावेश केला आहे. तरीही अनेकांची प्रगती क्रियारूपांच्या कोष्टकांपाशी खुंटते. रूपांची मोठी संख्या हे याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ते अपुरे आहे. इंग्रजीत जो अर्थ स्वतंत्र शब्दांनी व्यक्त होतो, तो स्पॅनिशमध्ये बहुधा अंत्य प्रत्ययात सामावलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी अर्थ शोधण्याची सवय इंग्रजी भाषकाच्या कानाला नसते, हे त्याहून महत्त्वाचे कारण होय. (प्रस्तुत नोंदीतील स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चारांनुसार दिले आहेत.)

ऐतिहासिक पार्श्वभूमी : लॅटिनमधील क्रियापदांच्या चार गणांचे स्पॅनिशमध्ये तीन गण झाले. मूळ रूपाच्या अंती अनुक्रमे ‘आर’, ‘एर’ व ‘इर’ असणारी आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे) व बिबिर (जगणे, राहणे) ही त्यांची नमुन्याची क्रियापदे. आंतोन्यो दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅस्टिलियन व्याकरणात या रूपांची मांडणी आढळते. इंग्लंडमध्ये रिचर्ड पर्सिव्हल (१५९१) व जॉन मिन्श्यू (१५९९) यांनी इंग्रजी वाचकांसाठी स्पॅनिशचे व्याकरण व कोश सिद्ध केले. आंद्रेस बेल्यो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या विद्वानाने १८४७ मध्ये अमेरिका खंडातील स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेले व्याकरण काळव्यवस्थेच्या विवेचनामुळे विशेष मान्यता पावले.

प्राचीन इंग्रजीतही पुरुषवाचक प्रत्यय होते. परंतु मध्ययुगात ते झिजत गेले. आज वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘स’ तेवढा उरला असून कर्त्याचा बोध सर्वनामामुळे होतो. स्पॅनिशमध्ये मात्र आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्ला (तो वा ती बोलते), आब्लामोस (आम्ही बोलतो), आब्लान (ते बोलतात) ही रूपे सर्वनामावाचून पूर्ण असतात. प्रत्येक वाक्यात ‘यो’ (मी) घालणारा नवशिका व्याकरणदृष्ट्या चुकत नाही. पण ऐकणाऱ्यास तो ‘मीच’ असे ठासून सांगत असल्याचा भास होतो.

संबोधनाचे रूपही निवडावे लागते. ‘तू’ हे जवळिकीचे, तर ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम होय. उस्तेद हे ‘बुएस्त्रा मेर्सेद’ (आपली कृपा) या आदरवचनाचे संक्षिप्त रूप असल्याने त्याच्यासोबत तृतीयपुरुषी क्रियापद येते. अनेकांना उद्देशून बोलताना स्पेनमध्ये जवळिकीसाठी ‘बोसोत्रोस’ वापरतात. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘उस्तेदेस’ येते. अर्जेंटिना, उरुग्वाय व मध्य अमेरिकेचा बराच भाग येथे ‘तू’ऐवजी ‘बोस’ रूढ असून त्याची क्रियारूपेही काही ठिकाणी वेगळी होतात.

अनियमिततेचे स्वरूप : पाठ्यपुस्तकांत अनियमित म्हणून दिलेली बरीच रूपे वस्तुतः नियमबद्ध आहेत. पेन्सार (विचार करणे) याची पिएन्सो, परंतु पेन्सामोस. पोदेर (शकणे) याची पुएदो, परंतु पोदेमोस अशी रूपे होतात. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ या स्वरांवर आघात आला असता स्पॅनिशमध्ये त्यांचे अनुक्रमे ‘इए’ व ‘उए’ झाले. आघात प्रत्ययावर सरकला, की मूळ स्वर टिकला. अमेरिकेतील वर्गांत कोष्टकातील बदललेल्या रूपांभोवती रेघ काढून बुटाची आकृती दाखवितात. ही खूण लक्षात राहते, पण बदलामागील आघाताचे कारण सांगत नाही.

काही बदल केवळ लेखनातील असतात. बुस्कार (शोधणे) याच्या बुस्के (मी शोधले) या रूपात ‘क’ हा ध्वनी कायम राहावा म्हणून रोमन अक्षरे बदलतात. देवनागरीत लिहिल्यास हा बदल दिसतही नाही. अपूर्ण भूतकाळात संपूर्ण भाषेत सेर (असणे), इर (जाणे) व बेर (पाहणे) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत. भविष्यकाळ हा मूळ रूपाला लॅटिनमधील ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या साहाय्यक क्रियापदाची रूपे जोडून बनला असल्याने त्याचे प्रत्यय तिन्ही गणांत एकच आहेत.

खरी अनियमितता नित्य वापरातील थोड्या क्रियापदांत आढळते. सतत जिभेवर असल्याने त्यांची जुनी रूपे टिकून राहिली. इर याची बोय (मी जातो), इबा (मी जात असे) व फुई (मी गेलो) ही रूपे तीन भिन्न लॅटिन क्रियापदांपासून आली आहेत. इंग्रजीतील ‘गो’ व ‘वेंट’, तसेच मराठीतील ‘जातो’ व ‘गेला’ ही रूपेही अशीच भिन्न मुळांची आहेत.

अर्थनिवडीचा प्रश्न : रूप पाठ असूनही ते केव्हा योजावे, ही अडचण उरतेच. इंग्रजीतील ‘सँग’ या एका रूपासाठी स्पॅनिशमध्ये कांताबा (गात असे, गात होता) व कांतो (गायला) यांतून निवड करावी लागते. साबेर (माहीत असणे) या क्रियापदाचे साबिया म्हणजे ‘मला माहीत होते’, तर सुपे म्हणजे ‘मला कळले’. इच्छा, शंका इत्यादींचे विषय असलेल्या गौण वाक्यात क्रियापदाचा वेगळा अर्थ योजतात. ‘किएरो के बेन्गा’ म्हणजे ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’. मराठी विध्यर्थाशी जुळणाऱ्या या रचनेच्या जागी इंग्रजीत क्रियापदाचे केवळ मूळ रूप येते. ‘ज्याला बाग आहे’ असे ठरावीक घर आणि ‘ज्याला बाग असेल’ असे कोणतेही घर, हा भेदही स्पॅनिशमध्ये तिएने व तेन्गा या क्रियारूपांनी दर्शविला जातो.

उच्चारांचे महत्त्व : इंग्रजीत आघातहीन स्वर बहुधा अस्पष्ट होतात, स्पॅनिशमध्ये ते स्पष्टच राहतात. आब्ला (तो बोलतो) व आब्ले (त्याने बोलावे) यांत केवळ अंत्य स्वराचा भेद आहे. इंग्रजी वळणाने तो स्वर गिळला, की पुरुष, काळ वा अर्थ यांचा भेदच नाहीसा होतो. आब्लो या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर असल्यास ‘मी बोलतो’, तर दुसऱ्यावर असल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो. म्हणून उच्चारशिक्षण हा क्रियारूपांच्या अध्ययनाचाच भाग मानावा लागतो.

अध्यापनपद्धती : कोष्टकांचे पाठांतर ही पारंपरिक पद्धती होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ऐकून पुनरुच्चार करण्यावर व वाक्यसाच्यांच्या सरावावर भर देण्यात आला. पुढे बिल व्हॅनपॅटन यांनी असे प्रतिपादन केले, की ‘काल’सारखा काळवाचक शब्द वाक्यात असल्यास विद्यार्थी त्यावरूनच काळ ओळखतो व प्रत्ययाकडे दुर्लक्ष करतो. तेरेसा कादिएर्नो यांनी १९९५ मध्ये स्पॅनिश भूतकाळाविषयी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्थग्रहणासाठी प्रत्ययावर लक्ष देण्यास भाग पाडणारे शिक्षण पारंपरिक शिक्षणाशी ताडून पाहिले. अशा शिक्षणाने विद्यार्थ्यांचे आकलन अधिक सुधारले; रूपे स्वतः योजण्यातही ते पारंपरिक पद्धतीने शिकणाऱ्यांच्या मागे राहिले नाहीत.

कोष्टके निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. प्रौढ विद्यार्थ्यास रूपांची व्यवस्था एका दृष्टिक्षेपात दाखविण्याचे काम ती उत्तम करतात. तथापि सर्व रूपे तोंडपाठ असलेला विद्यार्थीही संभाषणात अडखळतो. कारण इष्ट रूपापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला मनातल्या मनात संपूर्ण रांग म्हणावी लागते. नित्य वापरातील थोड्या क्रियापदांची रूपे संदर्भासह पुनःपुन्हा ऐकणे, प्रत्ययावरून कर्ता व काळ ओळखणे आणि मग ती स्वतः योजणे, या क्रमाने कोष्टकातील ज्ञान हळूहळू भाषेच्या सवयीत उतरते.