दौत पोटात घेणारी लेखणी : आटोपशीर स्वयंभरणी फाउंटन पेनाची रचना आणि हस्तलिखितांचे वाचन

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात छपाईयंत्र, कागद, ग्रंथविक्री, नियतकालिके यांचा विचार आता रूढ झाला आहे. लेखणीचा विचार मात्र अद्याप किरकोळ समजला जातो. हस्तलिखितांच्या सूचींत ‘शाईने लिहिलेले’ एवढीच नोंद बहुधा आढळते. ती शाई टाकाने उतरली की फाउंटन पेनाने, आणि पेन असल्यास ते कोणत्या पद्धतीने भरले जात होते, याविषयी सूचिकार सहसा मौन पाळतात. हे मौन निरुपद्रवी नाही. विसाव्या शतकातील हस्तलिखितांवरून लेखनप्रक्रियेविषयी जे निष्कर्ष काढले जातात, त्यांपैकी काहींचा आधार लेखणीच्या रचनेत असतो. ही रचना, विशेषतः खिशात मावणाऱ्या आणि स्वतःची शाई स्वतः ओढून घेणाऱ्या पेनाची रचना, समजावून देणे आणि तिचे वाङ्मयीन अभ्यासाशी असलेले नाते दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नावांतून दिसणारी लेखणी

एकाच वस्तूला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे पाहिली, तर प्रत्येक भाषेला त्या वस्तूतील कोणती गोष्ट नवलाची वाटली हे कळते. इंग्रजीने ‘फाउंटन’ म्हणजे कारंजे अथवा झरा ही प्रतिमा निवडली. बंगालीतील ‘झर्ना कलम’ आणि तमिळमधील ‘ऊट्रुप्पेना’ ही नावे त्याच प्रतिमेवर उभी आहेत. मराठीत सुचवला गेलेला ‘झरणी’ हा शब्दही याच कुळातला. व्यवहारात तो टिकला नाही आणि ‘फाउंटन पेन’ किंवा नुसते ‘पेन’ हेच रुळले. या सर्व नावांचे लक्ष शाईच्या बाहेर पडण्याकडे आहे. त्यात थोडा विनोदही दडलेला आहे, कारण ज्या पेनाची रचना बिघडली आहे तेच पेन खऱ्या अर्थाने ‘झरते’.

जर्मन भाषेची दृष्टी याच्या उलट आहे. ‘फ्युलफेडरहाल्टर’ आणि त्याचे लघुरूप ‘फ्युलर’ यांत भरण्याच्या क्रियेला महत्त्व आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘कानेता-तिंतेइरो’ म्हणतात, म्हणजे लेखणी आणि दौत यांचा सरळ समास. चिनी भाषेतील एका नावाचा अर्थ ‘आपण होऊन येणाऱ्या पाण्याची लेखणी’ असा होतो, आणि त्यातील ‘आपण होऊन येणारे पाणी’ हाच शब्द त्या भाषेत नळाच्या पाण्यासाठी वापरतात. जपानी ‘मान्नेनहित्सु’ने मात्र दहा हजार वर्षे टिकणारी लेखणी असा टिकाऊपणाचा गौरव केला. झरा, भरणे, दौत, नळ आणि चिरंतनता या पाच प्रतिमांपैकी झरा ही सर्वांत काव्यमय. परंतु यंत्ररचनेचा खरा इतिहास ‘भरणे’ आणि ‘दौत’ या दोन शब्दांत सामावलेला आहे.

२. मूळ अडचण : शाई आणि हवा

लेखणीच्या पोटातच शाई असावी ही इच्छा जुनी आहे. दहाव्या शतकातील फातिमी खलीफा अल्-मुइझ्झ याने शाई आत साठवणारी, उलटी धरली तरी न गळणारी लेखणी करवून घेतल्याचा वृत्तांत काझी अल्-नुमान याने लिहून ठेवला आहे. १८२७ मध्ये पेत्राके पोएनारू या रोमेनियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये अशा लेखणीचे पेटंट मिळवले. तथापि शाई साठवणे सोपे आणि ती नियमाने सोडणे कठीण असा अनुभव एकोणिसाव्या शतकभर येत राहिला.

याचे कारण साधे आहे. बंद नळीतून शाईचा एक थेंब बाहेर पडला, की त्याची जागा घेण्यास तेवढीच हवा आत यावी लागते. हवा आलीच नाही तर शाई अडते, आणि ती एकदम आली तर डाग पडतो. १८८४ मध्ये लुइस एडसन वॉटरमन याने अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रचनेत निबेखालच्या जिभेत बारीक खाचा होत्या. अरुंद खाचेत द्रव स्वतःच पुढे सरकतो, या केशाकर्षणाच्या तत्त्वावर शाई निबेकडे येई आणि त्याच मार्गाने हवा मागे जाई. पेनाचे विश्वसनीय रूप येथून सुरू झाले.

भरण्याची पद्धत मात्र अजून ओबडधोबड होती. पेन मधोमध उघडावे, डोळ्यांत औषध घालण्याच्या ड्रॉपरने नळीत शाई सोडावी आणि आटे फिरवून पुन्हा मिटावे. या प्रकारात शाई भरपूर मावते, यंत्र काहीच नसते आणि बिघडण्यासारखेही फारसे काही नसते. राजमहेंद्री येथील रत्नम यांची एबोनाइटची स्वदेशी पेने या परंपरेतली. त्यांपैकी एक पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ मध्ये समाधान व्यक्त करणारे पत्र लिहिले होते. मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या यांचा व्यवसाय १९३१ मध्ये सुरू केला, हे या काळाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु ड्रॉपरच्या पेनात एक दोष असतो. शाई कमी होत गेली की नळीत हवा वाढते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि उरलेली शाई निबेवाटे बाहेर ढकलते. शिवाय दौत आणि ड्रॉपर अशा दोन वस्तू लेखकाला जवळ बाळगाव्या लागतात.

३. स्वयंभरणाची पहिली पिढी

अमेरिकेतील टोलिडो येथील कॉन्क्लिन कंपनीच्या पेनात विसाव्या शतकाच्या आरंभी रबराची पिशवी आली. पेनाच्या बाजूला धातूची चंद्रकोर बाहेर डोकावत असे. ती दाबली की पिशवी चेपून हवा बाहेर जाई, आणि सोडली की पिशवी फुगून दौतीतली शाई ओढून घेई. मार्क ट्वेन याने १९०३ मध्ये या पेनाची वाखाणणी केली आणि कंपनीने त्याचे नाव जाहिरातींत वापरले. आत भरणी असण्याखेरीज त्याने सांगितलेले दुसरे कारण असे, की चंद्रकोरीमुळे पेन मेजावरून घरंगळत नाही आणि त्यामुळे तोंडून अपशब्द निघत नाहीत. आयोवा राज्यातील जवाहिर वॉल्टर शेफर याने १९०८ च्या पेटंटात चंद्रकोरीच्या जागी पेनाच्या अंगात बसणारी तरफ आणली. त्यामुळे यंत्र बाहेरून दिसेनासे झाले.

पिशवीच्या पेनाची उणीव जागेची होती. नळीच्या आत पिशवी, पिशवीशेजारी दाबपट्टी, आणि या दोहोंना हालचालीसाठी मोकळीक हवी. एक काल्पनिक हिशेब पाहू. आतला व्यास ८ मिलिमीटर व लांबी ३० मिलिमीटर असलेल्या नळीत सुमारे १.५ मिलिलिटर शाई मावेल. तीच लांबी ठेवून ६ मिलिमीटर व्यासाची पिशवी बसवली तर सुमारे ०.८५ मिलिलिटर उरते. व्यास चतुर्थांशाने घटला, पण शाई चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. कारण आकारमान व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. मोठ्या पेनात हा तोटा सोसता येई, छोट्या पेनात तो जाचक ठरे.

४. आटोपशीरपणाचे तीन मार्ग

पेन लहान हवे, शाई पुरेशी हवी आणि भरणारे यंत्रही आतच हवे. या तीन मागण्या परस्परविरोधी आहेत. त्यांचा मेळ घालण्याचे तीन मार्ग पुढे आले.

पहिला मार्ग हालचालीचे रूपांतर करण्याचा. पिशवी काढून टाकली आणि नळीतच दट्ट्या बसवला, तर नळीची भिंत हीच दौत होते आणि पूर्ण व्यास शाईला मिळतो. पण दट्ट्याचा दांडा साध्या पिचकारीसारखा असेल तर तो मागे खेचल्यावर तेवढाच लांब बाहेर येतो. लंडनच्या दे ला रू कंपनीच्या ‘ओनोटो’ पेनात, १९०५ मध्ये, लांब दांड्याचीच योजना होती. हंगेरियन अभियंता टेओडोर कोव्हाच याच्या पेटंटावर आधारलेले पेन हॅनोव्हर येथील पेलिकान कंपनीने १९२९ मध्ये बाजारात आणले. त्यात शेपटाकडचे बोंड फिरवायचे असते. बोंडाला जोडलेल्या मळसूत्रावर वेगवेगळ्या चालीचे दोन आटे असतात. एका आट्यावर बोंड जरासेच वर येते, आणि त्याच फिरवण्याने दुसरा आटा दट्ट्याला नळीच्या टोकापर्यंत नेतो. दट्ट्याचा दांडा गोल नसल्याने तो स्वतः फिरत नाही, सरळ सरकतो. उलट फिरवले की दट्ट्या मागे येतो आणि शाई आत चढते. थोडक्या हालचालीतून लांब पल्ला मिळाल्यामुळे पेन आखूड ठेवूनही शाई विपुल राहिली.

दुसरा मार्ग छोटी हालचाल पुनःपुन्हा करण्याचा. पार्करच्या १९३३ मधील ‘व्हॅक्युमॅटिक’ पेनात शेपटाशी रबराचा छोटा पडदा होता आणि जिभेपासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली एक बारीक नलिका होती. पडदा दाबला की वर साठलेली हवा नलिकेतून बाहेर जाई, सोडला की थोडी शाई आत येई. काही वेळा दाबल्यावर शाईची पातळी नलिकेच्या तोंडाशी पोचे आणि पेन भरे. यंत्र टोकापुरते, बाकी सारी नळी शाईची.

तिसरा मार्ग यंत्रच वगळण्याचा. कारखान्यात भरलेली शाईची कुपी पेनात खोचली, की भरण्याचे यंत्र लागत नाही. जपानमध्ये सेलरचे ‘मिनी’, १९६३, आणि पायलटचे ‘एलीट एस’, १९६८, ही खिशातली पेने या वाटेने गेली. मिटल्यावर ती अत्यंत आखूड असत आणि लांब टोपण शेपटावर चढवले की हातात पूर्ण लांबीचे पेन येई. मूळच्या हायडेलबर्ग येथील कावेको कंपनीच्या ‘स्पोर्ट’ या पेनाचे आजचे रूपही असेच आहे : मिटलेले असता सुमारे १०.५ सेंटिमीटर, टोपण चढवल्यावर सुमारे १३ सेंटिमीटर. ‘स्पोर्ट’ची जुनी रूपे दट्ट्याची होती, आताचे मुख्य रूप कुपीचे आहे. आटोपशीरपणासाठी स्वयंभरणाचा त्याग, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. कुपीच्या पेनाला दौत लागत नाही, पण दुकान लागते. दट्ट्याचे पेन मात्र जगातील कोणत्याही दौतीतून भरता येते.

५. हस्तलिखिताच्या वाचकासाठी

हा सारा तपशील साहित्याच्या अभ्यासकाला कशासाठी हवा? बोरू अथवा टाकाने लिहिलेल्या पानावर एक लय उमटलेली असते. बुडवल्यानंतरची अक्षरे गडद, पुढची क्रमाने फिकट, आणि पुन्हा गडद. लेखक कोठे थांबला, वाक्याच्या मध्ये की शेवटी, याचा अंदाज या लयीवरून बांधता येतो. मोडी लिपीने हात कमीत कमी उचलावा लागेल असे वळण घेतले, परंतु बोरू दौतीकडे वळवण्याची सक्ती तिलाही टाळता आली नाही. अखंड लेखनाची आकांक्षा लिपीने अक्षरांच्या पातळीवर पुरवली, तर फाउंटन पेनाने ती पानांच्या पातळीवर पुरवली.

फाउंटन पेनाच्या पानावर ही लय नाहीशी होते. शाईची समता पाहून ‘सलग, एका बैठकीत लिहिलेले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो टाळला पाहिजे. ही समता वॉटरमनच्या खाचांचे फळ असू शकते. ती लेखकाच्या मनःस्थितीची साक्ष असेलच असे नाही. लेखक मधे आठवडाभर थांबला असला तरी पेन तो खंड दाखवीलच असे नाही.

मात्र दुसऱ्या प्रकारचा पुरावा येथे उपलब्ध होतो. पिशवी किंवा दट्ट्याच्या पेनात जुनी शाई थोडीफार उरलेली असतानाच नवी ओढली जाते, म्हणून शाई बदलली तर रंग काही ओळींत हळूहळू पालटतो. टाकाने लिहिताना दौत बदलली तर पालट त्या मानाने झटकन दिसतो. तेव्हा रंगाचा हळू पालट बैठक बदलल्याचे नव्हे, तर पेन पुन्हा भरल्याचे चिन्ह असण्याची शक्यता आधी तपासावी. समासातील दुरुस्त्या निराळ्या रंगात असल्या तर त्या नंतरच्या ठरतात, पण किती नंतरच्या हे ठरवताना एका भरणीत पाने किती होतात याचा हिशेब उपयोगी पडतो. ०.८५ आणि १.५ मिलिलिटर यांतील फरक येथे पाठचिकित्सेचा प्रश्न बनतो.

फ्रान्समध्ये विकसित झालेल्या, लेखननिर्मितीच्या टप्प्यांचा मागोवा घेणाऱ्या समीक्षेने कच्च्या खर्ड्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. भारतीय भाषांत असे काम करायचे, तर आपल्या संग्रहांतील खर्ड्यांच्या नोंदी अधिक बोलक्या हव्यात. लेखकाची पेने उपलब्ध असतील तर भरण्याची पद्धत, निबेची रुंदी आणि शाईचा रंग एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक सूचीत सहज नोंदवता येतील. निळ्या-काळ्या लोहयुक्त शाईची पाने काळानुसार गडद होतात आणि कागदही खातात, म्हणून या नोंदी जतनाच्या दृष्टीनेही तातडीच्या आहेत. वारसांच्या घरी राहिलेले जुने पेन आठवण म्हणून ठेवले जाते किंवा भंगारात जाते. हस्तलिखिताबरोबर तेही संग्रहात यावे. दौत पोटात घेतलेल्या त्या लेखणीने पानावर काय लपवले आणि काय दाखवले, हे तिची रचना पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.