तसबिरीतले डोळे

गेल्या महिन्यात गिरडला एका तेरवीत काकाजींची तसबीर पाहिली आणि जीव कळवळला. हारामागच्या चेहऱ्याला डोळेच नव्हते, नुसते राखाडी चौकोन. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ठिकाणी फिरून आलेला फोटो बारा बाय अठरात छापला होता. ‘हे चालत नाही’ असं सांगणारा आमचा फोटोवाला त्याआधीच दुकान आवरून बसला होता.

रोलच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोटो मोजके, निगेटिव्ह जपली की झालं. मन रेंगाळतं ते 2003 नंतरच्या दहा वर्षांत. नोकिया 6600चा फोटो 640 बाय 480 ठिपक्यांचा. चांगल्या छपाईला इंचामागे 300 ठिपके लागतात, म्हणजे तो जेमतेम दोन इंचांचा. फोटोवाला तोंडावर सांगायचा, “भाऊ, याची तसबीर नाही होत.” चार बाय सहाला 1200 बाय 1800 ठिपके हवेत, हे गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. फोटो पडद्यावर मोठा करून तो आधी पापण्या बघायचा. केस सुटे दिसले तरच सीडी लॅबला जायची.

लबाडीही तेव्हाचीच. संगणकात इंचामागच्या ठिपक्यांचा 72चा आकडा 300 करून ‘फोटो सुधारला’ म्हणत पैसे घेणारे भेटले. आकडा बदलला तरी ठिपके तेवढेच राहतात. पुढे फ्लेक्सने आमची नजर बिघडवली. चौकातला फलक लांबून बघायचा, त्याला कमी ठिपके चालतात. तसबीर हातभरावरून बघतात, हा फरकच आम्ही विसरलो.

आज खिशात 50 मेगापिक्सेलचा फोन आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण 1600 ठिपक्यांवर येतो. अठरा इंचांवर ताणला की इंचाला नव्वदही उरत नाहीत. सेव्ह करून पुन्हा पाठवला की तो आणखी दाबला जातो. राखाडी चौकोन येतात ते त्यातूनच. आता म्हणे एआय चेहरा साफ करून देतं. गिरडच्या टेकडीवर जायफळासारखे दगड सापडतात. दिसायला जायफळ, पण फोडलं तर दगडच. एआयने भरलेल्या पापण्या तशाच, त्या काकाजींच्या नव्हेत.

मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला मिनिटही लागत नाही. तेवढं न करता छापणाऱ्याच्या मशीनला नावं ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. मग असलेला तरी धड जपा.